सिटी-बिल्डिंग गेममध्ये डोंगर आणि ढगांचं दृश्य: आधी काय, नंतर काय

शहर बसवून होतं, रस्ते जोडून होतात, आणि मग मागे एखादा डोंगर हवा असं वाटायला लागतं. तोवर मागे जागा उरलेली नसते. मग दोन वस्त्या पाडायच्या, पाण्याची लाइन हलवायची आणि उरलेल्या पट्ट्यात कसाबसा उंचवटा बसवायचा. तो टोपली उपडी घातल्यासारखा दिसतो. वर चार ढग ठेवले की तेही चिकटवल्यासारखे वाटतात.

यात हात कच्चा असण्यापेक्षा क्रम चुकलेला असतो. दृश्य एका ठरावीक जागेवरून बघायचं असतं, आणि आपण मात्र ते बांधतो नकाशावर वरून बघत. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. एखादा टप्पा तुमच्या खेळात नसेल तर गाळा, पण पुढचा आधी आणि आधीचा नंतर असं करू नका.

## आधी ओळखा: तुमच्या खेळात काय शक्य आहे

डोंगराच्या बाबतीत हे खेळ साधारण तीन प्रकारचे असतात.

पहिल्या प्रकारात जमीन स्वतः वरखाली करता येते. थिओटाऊन हा त्यातला ओळखीचा खेळ. इथे सगळे टप्पे लागू होतात.

दुसऱ्या प्रकारात डोंगर नकाशाच्या कडेला आधीच असतो आणि तुम्ही फक्त त्याच्याकडे सरकत जाता. सिमसिटी बिल्डइटमध्ये असंच आहे. तिथे डोंगराकडची जमीन उघडायला स्नोबोर्ड, होकायंत्र आणि हिवाळी टोपी या वस्तू जमवाव्या लागतात. साध्या जमिनीसाठी लागणारे बुलडोझरचे भाग तिथे चालत नाहीत, आणि किनाऱ्याकडच्या जमिनीसाठी लागणाऱ्या वस्तू तर आणखी वेगळ्या. गोदाम भरलं म्हणून यातलं काहीही विकून टाकण्याआधी, आपल्याला कोणत्या बाजूला वाढायचंय हे ठरवा. या प्रकारात टप्पा 3 गाळायचा.

तिसऱ्या प्रकारात डोंगर ही दुकानातून घेऊन ठेवायची वस्तू असते, ठरावीक चौकोन व्यापणारी. तिथे आकार बदलता येत नाही, पण एकामागे एक ठेवून रांग तयार करता येते.

ढगांचंही तसंच. काही ढग नुसते वरून सरकतात. त्यांच्यावर तुमचा ताबा सेटिंगमधल्या बटणापुरता. काही सजावटीच्या वस्तू म्हणून ठेवता येतात. आणि काही ढग म्हणजे न उघडलेल्या जमिनीवरचं झाकण असतं.

सावध: या झाकणाच्या ढगांवर दृश्य बेतू नका. जमीन उघडली की ते कायमचे जातात. मागचा डोंगर धुक्यात छान दिसतो म्हणून समोर बाग बसवली, आणि पुढच्या पातळीला जमीन उघडताच धुकं गेलं, हे फार जणांचं होतं.

## तयारी

शहराची प्रत आधी काढा. खेळात वेगवेगळे स्लॉट असतील तर नव्या स्लॉटमध्ये सेव्ह करा. क्लाउड सेव्ह आहे म्हणून निर्धास्त राहू नका; त्यात जर एकच प्रत राहत असेल तर बिघडलेलं शहर चांगल्या शहरावर चढतं आणि परतीची वाट बंद होते.

सॅन्डबॉक्स (पैशांची अडचण न येता मोकळेपणाने बांधून बघायचा मोड) असेल तर डोंगर पहिल्यांदा तिथे करून पाहा. चालू शहरात बऱ्याचदा जमीन उचलायला चौकोनामागे पैसे लागतात, आणि अनडू केलं की जमीन परत येते पण पैसे येतीलच असं नाही. दोन चौकोन उचलून, अनडू करून, तिजोरीकडे बघा. एवढ्यात कळतं.

फोनमध्ये दोन गोष्टी बंद करा: बॅटरी सेव्हर आणि डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून असलेला पिवळसर फिल्टर. पहिल्यामुळे खेळ अडखळतो. दुसऱ्यामुळे तुम्ही रंग चुकीचे निवडता, कारण बर्फ पिवळट दिसतो म्हणून जास्त निळसर वस्तू घेतल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी सगळं गारठलेलं दिसतं. ग्राफिक्स मात्र बांधताना मध्यम ठेवा. उच्च शेवटी.

## टप्पा 1: बघायची जागा पक्की करा

हा टप्पा लोक हमखास गाळतात.

शहराचा कोणता भाग पुढे हवा ते ठरवा: पूल, चौक, नदीकाठ, काहीही. तिथे कॅमेरा आणा, दिशा फिरवा, झूम ठरवा. मग मोकळ्या जमिनीचाच स्क्रीनशॉट काढा आणि गॅलरीतल्या एडिटमध्ये बोटाने त्यावर डोंगराची रेघ मारा. रेघ वेडीवाकडी आली तरी चालेल. पुढचं सगळं काम या रेघेच्या हिशेबाने चालणार आहे.

परत याच जागी कॅमेरा आणता यावा म्हणून खूण ठेवा. एखादा छोटा बगीचा किंवा पुतळा ठेवला आणि तो दरवेळी स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आणला, की चौकट तीच मिळते.

इथे त्रिमिती खेळ आणि तिरक्या चौकोनांचे आयसोमेट्रिक खेळ यांच्यातला फरक नीट समजून घ्यायला हवा. त्रिमिती खेळात कॅमेरा खाली झुकवता येतो, क्षितिज दिसतं, लांबच्या वस्तू लहान होतात. आयसोमेट्रिकमध्ये यातलं काहीच होत नाही. तिथे लांबचं झाड आणि जवळचं झाड एकाच मापाचं असतं, आणि आकाश नसतंच. स्क्रीनच्या वरच्या कडेपर्यंत जमीनच असते. म्हणजे खोली आपोआप मिळणार नाही, ती हाताने तयार करायची: मागे लहान झाडं, कमी तपशील, फिके रंग. आकाशाचं काम मागच्या रांगेकडून करून घ्यायचं.

शिवाय या खेळांत चौकोन उंचीच्या दुप्पट रुंद काढलेला असतो, त्यामुळे ग्रिडच्या रेघा आडव्याशी साधारण 26.5 अंशांनी जातात. डोंगराची कड ग्रिडला धरून ठेवली तर ती याच कोनात पट्टीने आखल्यासारखी दिसते. दर तीन-चार चौकोनांनी कड आत किंवा बाहेर घ्या.

तपासा: फोन आडवा आणि उभा, दोन्ही धरून बघा. आताचे बरेच फोन 20:9 च्या आसपास लांबट असतात. आडव्या स्क्रीनवर उंची कमी मिळते आणि शिखर बटणांच्या पट्टीखाली जातं.

## टप्पा 2: जागेचा हिशेब

किती उंच डोंगर हवा, त्यावरून पायथा किती पसरणार ते आधी मोजा. बऱ्याच खेळांत शेजारच्या दोन चौकोनांत एकाच पायरीचा फरक चालतो. म्हणजे 12 पायऱ्यांच्या शिखराला प्रत्येक बाजूला निदान 12 चौकोन लागतात, मधला एक धरून 25. आणि हा झाला सरळसोट सुळका. मध्ये पदर (उतारावरचे सपाट टप्पे) सोडायचे, सोंडा (माथ्यावरून खाली उतरणारे फाटे) काढायच्या, तर त्याच उंचीला 35 ते 40 चौकोन सहज जातात.

एवढी जागा नसेल तर उंची कमी करा. पाया आवळू नका. 7 पायऱ्यांचा पसरट डोंगर 12 पायऱ्यांच्या खांबापेक्षा केव्हाही मोठा वाटतो.

जागा वाचवायचा एक सरळ मार्ग: डोंगराची धार नकाशाच्या मागच्या कडेला लावा. मागचा उतार नकाशाबाहेर जातो, दिसत नाही, आणि निम्मी जमीन वाचते. फक्त शहर फिरवून एकदा बघा. काही खेळांत कडेला मातीचा कापलेला भाग उघडा दिसतो. तुम्ही दुसऱ्या बाजूने कधीच बघणार नसाल तर हरकत नाही.

## टप्पा 3: धार आधी, शिखर शेवटी

जमीन उचलताना क्रम असा ठेवा:

1. पूर्ण पायथा एक-दोन पायऱ्या वर घ्या, कड वेडीवाकडी ठेवून.
2. त्यावर धार काढा. ती सरळ नको. दोनदा तरी वळवा.
3. धारेवरून शहराच्या बाजूला सोंडा उतरवा. एक लांब, एक आखूड, मध्ये सारखं अंतर नको.
4. दोन सोंडांच्या मध्ये जमीन खाली घेऊन घळ करा.
5. धारेवर एक खिंड पाडा.
6. सगळ्यात शेवटी शिखर उचला, धारेच्या मधोमध नाही, एका बाजूला.

बहुतेक जण सहावं काम पहिल्यांदा करतात. मोठा ब्रश (जमीन वरखाली करायचं साधन) घेऊन मधोमध बोट दाबून धरलं की गोल ढीग तयार होतो, आणि मग त्यात घळी कोरायला गेलं की तो खड्डे पडल्यासारखा दिसतो. सोंडा वरून कोरता येत नाहीत, त्या खालून उभ्या कराव्या लागतात.

ब्रश लहान घ्या. बोटाने नीट जमत नसेल तर झूम वाढवा. ब्रश मोठा करणं हा त्यावरचा उपाय नाही.

उताराबद्दल थोडं. सुट्या दगडमातीचा ढीग साधारण 30 ते 40 अंशांपेक्षा जास्त तीव्र उतारावर टिकत नाही, तो घसरतो. म्हणून खऱ्या डोंगरात वर कडा असतो, त्याखाली घसाऱ्याचा उतार, आणि मग पायथ्याचा सपाट होत जाणारा भाग. खेळातही हे तीन भाग वेगळे दिसले पाहिजेत. वरपासून खालपर्यंत एकच उतार ठेवला की डोळ्याला लगेच खोटं कळतं, कारण सांगता आलं नाही तरी.

स्मूथ ब्रश (उंचसखलपणा गुळगुळीत करणारा) फक्त पायथ्याला फिरवा. तो धारेवर फिरवला की तासाभराचं काम दोन मिनिटांत विरघळतं.

तपासा: टप्पा 1 च्या खुणेवर या आणि आधी काढलेल्या रेघेशी ताडून बघा. वरून छान दिसणारी घळ समोरून दिसतच नसेल तर ती रुंद करा, नाहीतर सोडून द्या.

## टप्पा 4: मागची रांग

एकटा डोंगर कितीही चांगला असला तरी तो ठेवल्यासारखाच वाटतो. त्यामागे दुसरी रांग हवी. तिला फार काम लागत नाही, उलट जितकं कमी तितकं बरं.

लांबचे डोंगर फिके आणि निळसर दिसतात, कारण मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते आणि तो डोंगराच्या रंगावर चढतो. खेळात धुक्याचं सेटिंग असेल तर हे आपोआप होतं. नसेल तर मागच्या रांगेवर गडद हिरवी झाडं लावू नका. उघडा खडक, विरळ झुडपं, बर्फ एवढंच ठेवा. पुढे गडद, मागे फिकं.

मागची शिखरं पुढच्या खिंडींच्या वर येतील अशी ठेवा. शिखरामागे शिखर आलं तर दोन्ही मिळून एकच जाड आकृती दिसते. हे नकाशावर कळत नाही, खुणेवरूनच कळतं. म्हणून प्रत्येक शिखरानंतर खुणेवर परत या. डोंगर वस्तू म्हणून मिळणाऱ्या खेळांत तर सगळी कमाल याच टप्प्यात आहे: तोच तुकडा वेगवेगळ्या दिशांनी फिरवून, अर्धा अर्धा झाकत ठेवा. एकाच दिशेने ठेवलेले दोन सारखे तुकडे दिसले की खेळ संपला.

## टप्पा 5: रस्ते आणि पाणी

झाडांच्या आधी रस्ते. उलट केलं तर रस्त्यासाठी झाडं काढावी लागतात आणि कडेला कापल्यासारख्या रेघा राहतात.

डोंगरावर सरळ रस्ता चढवू नका. सोंडेच्या अंगाने वळणं घेत न्या आणि पदरावर संपवा. शिखरापर्यंत रस्ता नेलाच पाहिजे असं नाही. अर्ध्यावर दिसेनासा झालेला रस्ता डोंगर मोठा दाखवतो.

सावध: काही खेळांत उतारावर इमारत ठेवली की खालची जमीन आपोआप सपाट होते आणि भोवतीचा उतार ओढला जातो. एक घर ठेवलं आणि सोंड गेली. इमारत ठेवायची असेल तर आधी पदर हाताने सपाट करा, सेव्ह करा, मगच ठेवा.

पाण्याची पातळी बऱ्याच खेळांत पूर्ण नकाशाला एकच असते, त्यामुळे उंचावर तळं होत नाही. घळीच्या तोंडाशी जमीन खाली घेऊन पाणी आणा. वरचा ओढा खडकांच्या वस्तू ओळीने ठेवून सूचित करता येतो.

## टप्पा 6: झाडं, खडक, बर्फ

झाडं सारखी पसरवू नका. घळीत माती आणि ओल टिकते, म्हणून तिथे दाट. धारेवर वारा आणि खडक, म्हणून तिथे विरळ किंवा काहीच नाही. एवढा एक नियम पाळला तरी तुम्ही कोरलेल्या सोंडा आणि घळी लांबून वाचता येतात. झाडं डोंगराचा आकार दाखवायला असतात, झाकायला नाही.

वारा कोणत्या बाजूने येतो हे ठरवून टाका, खेळात वारा नसला तरी. दमट वारा डोंगरावर चढताना थंड होतो, त्यातलं पाणी त्याच बाजूला पडतं, पलीकडची बाजू कोरडी राहते. त्या हिशेबाने एक बाजू हिरवी ठेवा आणि एक उघडी. हीच दिशा पुढे ढगांना लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरतं, त्यामुळे झाडं एका उंचीनंतर थांबतात आणि बर्फही साधारण एका उंचीपासून सुरू होतो. सगळ्या शिखरांवर बर्फाची रेघ एकाच पातळीला हवी. लहान टेपाडावर बर्फ आणि शेजारच्या मोठ्या डोंगराचा खांदा कोरडा, ही चूक फार दिसते. घळींत मात्र बर्फ थोडा खाली उतरू द्या, सावलीत तो टिकतो.

## टप्पा 7: ढग

आता ढग. याआधी नाही. ढग आधी ठेवले की डोंगर त्यांच्या मागे अर्धवट राहतो आणि ढग हलवले की उघडा पडतो.

ढग कशासाठी ठेवतोय ते एकेका ढगाबद्दल विचारा. माझ्या मते उत्तरं तीनच आहेत: दोन रांगांमध्ये अंतर दाखवायला, उंची दाखवायला, किंवा एखादा वाईट जोड लपवायला. यातलं काहीच नसेल तर ढग नको.

अंतरासाठी ढग पुढची रांग आणि मागची रांग यांच्या मध्ये ठेवा. पुढच्या खिंडीतून ढगाचा पट्टा आणि त्याच्या वर मागचं शिखर दिसलं, की काम झालं. उंचीसाठी ढग शिखराच्या वर नव्हे, खांद्यापाशी ठेवा. माथा ढगातून वर आला तर डोंगर उंच वाटतो, ढगाखाली राहिला तर बुटका. प्रत्येक शिखरावर टोपीसारखा ढग ठेवायचा मोह आवरा.

पुंज ढगांचे (कापसाच्या ढिगासारख्या ढगांचे) तळ सपाट असतात आणि एका भागात साधारण एकाच उंचीवर असतात, कारण वर चढणाऱ्या हवेतली वाफ ठरावीक उंचीला पोहोचल्यावर थेंब होते. म्हणून ढगांचे माथे हवे तसे वरखाली असू द्या, तळ मात्र एका रेघेत. उंची बदलता येत असेल तर पहिल्या ढगाचा आकडा लक्षात ठेवा आणि बाकीचे त्याच आकड्यावर लावा. ढग विखुरलेले आणि खोटे का दिसतात याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

टप्पा 6 मधली वाऱ्याची बाजू आठवा. ढग त्या हिरव्या बाजूला जास्त, कोरड्या बाजूला जवळजवळ नाहीत.

लपवण्यासाठी सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे डोंगर आणि सपाट शहर मिळतात ती रेघ. तिथे धुक्याचा पातळ, आडवा पट्टा एक-दोन ठिकाणी टाका, पूर्ण लांबीभर नाही.

सावध: एकावर एक ढग रचू नका. ढग अर्धपारदर्शक असतात, आणि असे थर आले की फोनला तोच ठिपका पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. शंभर झाडांनी न अडखळणारा खेळ एकाच जागी रचलेल्या दहा ढगांनी अडखळू शकतो. दाट हवा असेल तर एक मोठा ढग घ्या.

ढग ठेवता न येणाऱ्या खेळांत काम उरतं ते वाट बघण्याचं. सरकणारे ढग कोणत्या दिशेने जातात ते बघा आणि ते खिंडीपाशी आले की स्क्रीनशॉट काढा. ते ठरावीक झूमलाच दिसत असतील तर टप्पा 1 मध्ये तोच झूम निवडायला हवा.

## टप्पा 8: फोनवरची परीक्षा आणि स्क्रीनशॉट

दहा मिनिटं खेळ चालू ठेवा, शहरभर फिरा, मग डोंगराकडे या. फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, त्यामुळे खेळ सुरू केल्या केल्या केलेली परीक्षा खोटी असते. इथे अडखळलं तर आधी ढग कमी करा, मग मागच्या रांगेवरची झाडं. पुढच्या झाडांना हात लावायची वेळ सहसा येत नाही.

एकदा ग्राफिक्स सगळ्यात कमी करूनही बघा. धुकं आणि सावल्या गेल्यावर नुसता आकार तग धरत असेल तर डोंगर चांगला झालाय. नसेल तर टप्पा 3 कडे परत.

मग ग्राफिक्स उच्च करा, स्क्रीनवरची बटणं लपवा किंवा फोटो मोड घ्या, दिवसाची वेळ बदलता येत असेल तर सकाळ किंवा संध्याकाळ निवडा. तिरक्या उन्हात सोंडांच्या सावल्या पडतात. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. चित्र कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबलं जातं आणि पहिले ढगच फाटतात.

## शहर पुढे वाढवताना

खुणेपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जो पट्टा दिसतो, तिथे उंच इमारती येऊ देऊ नका. ज्या खेळांत वस्ती आपोआप वाढते तिथे हे विशेष बघावं लागतं, कारण आज दोन मजली असलेलं घर उद्या मनोरा होतं आणि खिंड झाकतं. त्या पट्ट्यात कमी घनतेची वस्ती, बागा, शेतं, नदी ठेवा. उंच इमारती हव्याच असतील तर चौकटीच्या एका कडेला घ्या, शिखर ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध.

खेळाचं अपडेट आलं की लगेच खुणेवर येऊन एक स्क्रीनशॉट काढा आणि जुन्याशी ताडून बघा. वस्तूंचे रंग किंवा धुक्याचं प्रमाण बदललं असेल तर ते तेव्हाच कळेल, आणि जुनी प्रत वेगळ्या स्लॉटमध्ये असेल तर घाईने काही पाडायची गरज पडणार नाही.